एफडी मोडून ट्यूब घ्यावी का?

नाशिकहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ५४, खासगी नोकरी, ५८ला निवृत्ती. महिना ९२,००० हातात येतात. त्यातून घरखर्च ३८,०००, गृहकर्जाचा हप्ता २४,०००, एसआयपी १५,००० आणि मुलीच्या वसतिगृहाचे १०,००० जातात. कर्ज ११ लाख उरलं आहे, साडेआठ टक्क्यांनी. दोन लाखांची एक एफडी आहे, बचत खात्यात ७०,०००. घरी सोळा वर्षांपूर्वीचा ट्यूबवाला (काचेच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हचा) सीडी प्लेअर आणि सहाशेवर सीडी, बहुतेक शास्त्रीय गायनाच्या. ‘हल्ली तंबोऱ्याची जवारी विरल्यासारखी वाटते, आवाज कोरडा झालाय,’ असं ते लिहितात. म्हणून १,८०,०००चा बेत: जुन्या साठ्यातली जर्मन ट्यूबची जोडी ४८,०००, मुंबईच्या एका कारागिराकडून नवी क्लॉक (प्लेअरचा डिजिटल ठेका धरणारा भाग) आणि भारी कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) ६२,०००, पॉवर कंडिशनर (भिंतीतून येणारी वीज गाळणारं यंत्र) आणि केबल ७०,०००. पैसे एफडीतून. पत्नी म्हणाल्या, आधी कोणाला तरी विचारा.

वहिनींचे आधी आभार मानतो.

तुम्हाला काळजी लागली आहे मुदतीआधी एफडी मोडल्याच्या दंडाची. तो किरकोळ असतो. बहुतेक बँका व्याजदरात अर्धा-एक टक्का कापतात, तुमच्या रकमेवर दोन-तीन हजारांचा प्रश्न. अडचण दुसरीच आहे. ही एफडी तुमची अडीअडचणीची गंगाजळी आहे, आणि ती आधीच तोकडी आहे. घरखर्च आणि हप्ता मिळून महिना ६२,००० लागतात. एफडी आणि बचत मिळून २,७०,०००, म्हणजे नोकरीला काही झालं तर सव्वाचार महिने निघतील. मी सहा महिन्यांचे, ३,७२,००० मागितले असते. बेत अमलात आणलात तर हाती ९०,००० उरतात. दीड महिना. चोपन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी दीड महिन्यात मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही पण आकड्यांत दिसते. २४,०००च्या हप्त्याने ११ लाख फिटायला अजून सुमारे ५६ महिने लागतील. तुमच्या निवृत्तीला फार तर ४८ उरलेत. म्हणजे शेवटचे सात-आठ हप्ते पगाराशिवाय भरायचे आहेत. मुलीचं शिक्षण संपलं की वसतिगृहाचे दहा हजार परस्पर कर्जाकडे वळवा, ते घरखर्चात मुरू देऊ नका. बँकेला मात्र हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करायला लेखी सांगा.

आता प्लेअरकडे वळू. मी स्वतः या नादातला आहे, त्यामुळे तुम्हाला हौस सोडा असं सांगणार नाही.

ट्यूब प्लेअरमध्ये ट्यूब शेवटी येते. लेझर तबकडी वाचतो, डॅक त्या आकड्यांचा आवाज करतो आणि मग तो ट्यूबमधून बाहेर पडतो. ट्यूब आपला थोडा गोडवा मिसळते. तबकडीवर नसलेलं काही ती आणू शकत नाही. त्यामुळे सोळा वर्षं बरा वाजलेला प्लेअर ‘हल्ली’ कोरडा झाला असेल, तर मी आधी झीज शोधेन. ट्यूब काही हजार तास चालते आणि मग हळूहळू मंदावते, इतकी हळू की रोज ऐकणाऱ्याला कळत नाही. तिच्या उष्णतेने शेजारचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. तेव्हा पॉवर सप्लायचे कपॅसिटर बदलणं ही चैन नव्हे, देखभाल आहे. मजुरीसकट नऊ-दहा हजारांत ते व्हायला हवं. घरी झाकण उघडून बसू नका. आत दोनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतो.

ट्यूबही बदला, पण आज कारखान्यात बनणाऱ्या घ्या. तुमच्या प्लेअरला ईसीसी८३ लागते. स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीची किंवा रशियन बनावटीची जोडी चार-पाच हजारांत येते. गमतीची गोष्ट म्हणजे हीच ट्यूब गिटारच्या अँप्लिफायरमध्ये लागते, म्हणूनच ती अजून बनते.

‘जुन्या ट्यूबची किंमत वाढतच जाते, म्हणजे ही गुंतवणूकच झाली,’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. असंच एक वाक्य मी स्वतःला ऐकवलं होतं. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून टेलिफुंकन या जुन्या जर्मन कंपनीची जोडी मागवली, वर सीमाशुल्क आणि जीएसटी भरला. खोके जुने, अक्षरं सुबक, मी खूश. दुरुस्तीवाल्याने ट्यूब उलटी करून खिडकीशी धरली आणि विचारलं, हिरा कुठाय? त्या कंपनीच्या अस्सल ईसीसी८३च्या बुडाशी, पिनांच्या मधोमध, काचेतच हिऱ्याच्या आकाराची खूण उठवलेली असते. माझ्या काचेचं बूड सपाट होतं. नाव नंतर छापलेलं. पैसे परत मिळाले नाहीत. ज्या मालाची पारख आपल्याला नाही आणि ज्याचं गिऱ्हाईक शोधायला महिने लागतात, त्याला गुंतवणूक म्हणू नये. एवढं मात्र मान्य, की अस्सल ट्यूब निदान उपसून वेगळी विकता येते. क्लॉकवर घातलेले पैसे प्लेअरबरोबरच जातात. उलट ‘आत काय काय केलंय कोण जाणे’ म्हणून घेणारा भाव पाडतो.

त्या ६२,०००मधली क्लॉक म्हणूनच नको. सत्तर हजारांचे कंडिशनर आणि केबल तर अजिबात नकोत. वीज वरखाली होत असेल तर साधा स्टॅबिलायझर पुरे. दुकानदाराने ‘नो कॉस्ट ईएमआय’ देऊ केला आहे म्हणता. त्यात प्रोसेसिंग फी असते, व्याजाच्या भागावर जीएसटी असतो आणि रोखीची सूट हातची जाते. आणि उद्या कोणी बाहेरचा डॅक जोडायचा सल्ला दिला, तर लक्षात ठेवा: तो प्लेअरच्या डिजिटल आउटपुटला जोडला की तुमच्या ट्यूब रस्त्यातून बाजूलाच होतात.

एक खर्च मात्र तुमच्या यादीत नाही आणि मी तो घालतो. लेझर पिकअप, म्हणजे बोलीत ‘लेन्स’. असे प्लेअर बंद पडतात ते बहुधा ट्यूबमुळे नाही, तर लेन्स गेल्यामुळे, आणि जुन्या मॉडेलची लेन्स मिळणं दर वर्षी अवघड होत चाललंय. कारागिराकडून तुमच्या मॉडेलला बसणारी एक आत्ताच घेऊन ठेवा, तीन-चार हजारांत.

सगळं मिळून १८,०००च्या आसपास. तुमच्याकडे महिन्याला पाच हजार उरतात, म्हणजे चार महिन्यांत हे बिनकर्जाचं आणि एफडीला हात न लावता होतं. तोवर फुकटातलं करून पाहा. स्पीकर कोपऱ्यात आहेत असं फोटोत दिसतंय. भिंतीपासून दोन फूट पुढे आणा, समोरच्या फरशीवर सतरंजी टाका. कोपऱ्यात डग्गा घुमतो आणि त्याच्या घुमाऱ्याखाली तंबोरा बुडतो. मला तर निम्मी तक्रार तिथेच असावी असा संशय आहे.

चार महिन्यांनंतर तेच पाच हजार सहा महिन्यांची गंगाजळी पुरी होईपर्यंत बचत खात्यात जाऊ द्यात; एक लाख कमी पडतात, त्याला वीसेक महिने लागतील, बोनस घातलात तर कमी. त्यानंतरही जर्मन ट्यूब हवीशी वाटली तर खुशाल घ्या, पण परत करता येईल अशा अटीवर. दोन्ही जोड्या कारागिराकडूनच आळीपाळीने बसवून घ्या. कोणती जोडी बसवली ते त्याने सांगायचं नाही. अर्धा तास तापू द्या, एकच ख्याल दोन्ही जोड्यांवर ऐका, आणि ओळखता आली तरच पैसे द्या.

तेव्हा काढलेली जोडी फेकू नका. डबीवर तारीख लिहून ठेवा, प्लेअर विकताना तीच परत बसवायची आहे.