वेणीचा पाव भाजताना पसरतो, वेणी उसवते. नांदेडच्या उन्हाळ्यात काय करावं?

तुमची वेणी गुंफण्यात चुकत नसावी, पीठ जास्त फुगतंय. ज्या कृतीत ‘दोन तास झाकून ठेवा’ लिहिलेलं असतं, ती थंड हवेतली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे तासाभरातच पीठ दुप्पट होतं. घड्याळ सोडा, पिठाकडे बघा.

माझं प्रमाण: मैदा 500 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 7, साखर 50, मीठ 8, तेल 50 ग्रॅम, दोन अंडी आणि साधारण 160 मिली पाणी. पाणी माठातलं किंवा फ्रिजमधलंच घ्या. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा. सैल पिठाला पेडांचा आकार धरवत नाही. ज्यू लोकांचा शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा, ‘हल्ला’ नावाचा वेणीचा पाव असाच घट्ट पिठाचा असतो.

पेड वळताना आखडायला लागले तर ओढू नका, दहा मिनिटं झाकून ठेवा. मग त्यांना कोरडा मैदा चोळा, म्हणजे ते एकमेकांत मिसळत नाहीत. वेणी मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे न्या आणि सैलसर घाला. करकचून घातली की फुगताना हमखास फाटते. टोकं मात्र दाबून खाली दुमडा.

दुसऱ्यांदा फुगताना बोटाने हलकं दाबा. खळगा हळूहळू अर्धा भरला तर लगेच ओव्हनमध्ये. तसाच राहिला तर उशीर झाला, तुमचा पाव इथेच पसरतो. वरून फेटलेलं अंडं लावून 180 अंशांवर अर्धा तास.