आई-वडिलांच्या लग्नाच्या डीव्हीडीतील व्हीओबी फाइली दर्जा न घालवता एमपी४ मध्ये कशा बदलाव्यात?

आपण लिहिले आहे की, लग्नाची व्हीएचएस कॅसेट काही वर्षांपूर्वी डीव्हीडीवर उतरवून घेतली होती, तिच्यातील व्हीओबी फाइली मोबाइलवर चालत नाहीत आणि फाइलीच्या नावापुढे एमपी४ लावूनही उपयोग झाला नाही. हेच काम मी माझ्या बहिणीच्या लग्नाच्या डीव्हीडीवर केले आहे आणि त्यात एक चूकही केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रूपांतराला हात लावण्यापूर्वी डीव्हीडीतील ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा संगणकावर आणि शिवाय एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवावा. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती एका सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर असते आणि तो थर ऊन, उष्णता व दमटपणा यांनी खराब होतो. मी घाईने एमपी४ तयार केली, मूळ फोल्डर ठेवला नाही, आणि पुढे तीच डीव्हीडी कोणत्याही ड्राइव्हवर वाचली जाईना. आज आमच्याकडे ती सदोष एमपी४ एवढीच उरली आहे.

नाव बदलून काम का झाले नाही, हेही समजून घ्यावे. एमपी४ किंवा व्हीओबी हा केवळ डबा आहे. त्यातील चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहे, ती पद्धत म्हणजे कोडेक. डीव्हीडीतील चित्र बहुधा एमपेग-२ पद्धतीचे असते आणि अनेक मोबाइलना ते उलगडता येत नाही. एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या डब्यात एच.२६४ (मोबाइलना उलगडता येणारा कोडेक) पद्धतीचे चित्र असेल, तर नुसता डबा बदलून भागते आणि दर्जा तसूभरही घटत नाही. आपल्या बाबतीत मात्र चित्र नव्याने एच.२६४ मध्ये बांधावेच लागेल. त्यात थोडी घट अटळ आहे. पण ती एकदाच आणि डोळ्यांना न जाणवण्याइतकी ठेवता येते.

यासाठी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात सुट्या व्हीओबी फाइली न देता पूर्ण फोल्डर उघडावा, कारण डीव्हीडीवरील चित्रीकरण सुमारे १ जीबीच्या तुकड्यांत विभागलेले असते आणि तुकडे वेगवेगळे बदलले, तर मंगलाष्टकाची ओळ अर्ध्यावर तुटते.

माझी खरी चूक पुढे झाली. आपल्याकडील व्हीएचएसचे चित्रीकरण पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला २५ चौकटींचे असते. पण प्रत्येक चौकटीत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली दोन अर्धी चित्रे असतात, एक विषम ओळींचे आणि दुसरे सम ओळींचे. जुन्या टीव्हीवर ती आलटून पालटून उमटत. ती वेगळी न करता रूपांतर केले, तर हलणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात. अंतरपाट दूर होताना हवेत उडालेल्या अक्षता आमच्या फाइलीत तांदळाऐवजी तुटक आडव्या रेघांसारख्या दिसतात, आणि हा दोष एकदा फाइलीत मुरला की नीट काढता येत नाही. म्हणून फिल्टरांमध्ये ‘डीइंटरलेस’ सुरू करून ‘बॉब’ हा पर्याय निवडावा आणि फ्रेमरेट ‘सेम अ‍ॅज सोर्स’ ठेवावा. म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण चित्रे मिळतात आणि हालचाल मूळ कॅसेटसारखी सलग राहते.

दर्जाचा आकडा, म्हणजे आरएफ, १८ ते २० ठेवावा. तो जितका कमी, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. आवाजासाठी एएसी हा कोडेक निवडावा. चित्राची रुंदी-उंची हाताने बदलू नये, कारण डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ साठवलेले चित्र ४:३ प्रमाणात ताणून दाखवायचे असते आणि ते विसरले, तर माणसांचे चेहरे किंचित उभट दिसतात. ते १०८० किंवा ४के करण्याच्या मोहातही पडू नये. कॅसेटमध्ये जो तपशील नाही, तो आकार वाढवल्याने येत नाही.

घरगुती चित्रीकरण कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर चढवून रूपांतर करून घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हँडब्रेकमध्ये सेकंदांची मर्यादा घालून तेवढाच तुकडा बदलून पाहता येतो. भरपूर हालचालीचे अर्धे मिनिट निवडावे, अक्षता पडतानाचे असल्यास उत्तम, आणि ते ज्या मोबाइलवर पाहायचे आहे त्यावरच लावून पाहावे. कडा स्वच्छ दिसल्या आणि आवाज ओठांशी जुळला, की मग संपूर्ण फाइल रात्री लावून ठेवावी.