छोट्या कारखान्यात पीसीबी टेस्टिंगचं फिक्स्चर स्वतः बनवता येतं का?

तुम्ही लिहिलंय की शेतीपंपाच्या मोबाइल स्टार्टरचे हजार-दीड हजार बोर्ड महिन्याला निघतात, टेस्टिंग मल्टिमीटर लावून हातानेच चालतं, आणि फिक्स्चर (बोर्ड बसवून, पिनांवर दाबून तपासायचा साचा) बाहेरून करून घ्यायचं तर कोटेशन आवाक्याबाहेरचं येतंय. अ‍ॅक्रिलिकमध्ये स्वतः बनवलं तर चालेल का, असंही विचारलंय.

बनवता येतं. तुमच्या बोर्डाला फार तर तीस-चाळीस टेस्ट पॉइंट (मोजमापासाठी पिन टेकवायच्या जागा) असतील. तेवढ्यासाठी हवा ओढून बोर्ड दाबणारं व्हॅक्यूम फिक्स्चर लागत नाही की बोर्डावरचा एकेक भाग तपासणारं आयसीटी मशीन लागत नाही. मी भोसरीत हेच काम करतो आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच सांगतो: टेस्ट पॉइंटला टेकणाऱ्या स्प्रिंगच्या पिना, वायरिंग, सॉफ्टवेअर हे सगळं नंतर. बोर्ड कशावर बसणार, जागेवर कशाने धरला जाणार आणि दाबल्यावर वाकणार का, हे अगोदर ठरवा. ‘कधी पास, कधी फेल’ म्हणून जी फिक्स्चर दुरुस्तीला येतात, त्यांतल्या बहुतेकांचा दोष सर्किटमध्ये नसतोच, बोर्डाच्या बैठकीत असतो.

बोर्ड कडेने धरू नका. व्ही-कटवरून (बोर्ड सुटे करायला पॅनेलवर पाडलेल्या खाचेवरून) मोडलेली कड प्रत्येक बोर्डाला थोडी वेगळी येते. बोर्डाची कड ही फॅब्रिकेशनमध्ये सगळ्यात शेवटी कापली जाते, त्यामुळे पॅडच्या (तांब्याच्या उघड्या ठिपक्यांच्या) जागेशी तिचं नातं सैल असतं. भोकांचं तसं नाही. तेव्हा तांबं न चढवलेली ३ मिमीची दोन भोकं, बोर्डाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, एवढंच हवं. एका भोकात पूर्ण गोल डॉवेल (बोर्ड जागेवर धरणारी खुंटी) आणि दुसऱ्यात दोन बाजूंनी घासलेली डायमंड पिन. दोन्ही गोल घातल्या तर भोकांमधल्या अंतरात जराशी तफावत आली तरी बोर्ड अडकतो, मग ऑपरेटर तो ठोकून बसवतो.

भोकांची मांडणी अशी करा की बोर्ड उलटा फिरवला तर बसणारच नाही. जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी १९६१ मध्ये जपानच्या यामादा इलेक्ट्रिकमध्ये हाच विचार वापरला होता. एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा घालायच्या असत आणि कामगाराकडून कधी कधी एखादी राहून जाई. त्यांनी आधी दोन्ही स्प्रिंगा एका ताटलीत काढून ठेवायला लावल्या. जोडणी झाल्यावर ताटलीत स्प्रिंग उरली, की चूक तिथल्या तिथे कळायची. पोका-योके (चूक टाळणारी रचना) म्हणून पुढे जगभर पसरलेल्या पद्धतीचं हे सुरुवातीचं उदाहरण, आणि त्यात एकही सेन्सर नव्हता. तुमच्या फिक्स्चरमध्ये अशा साध्या युक्त्या जितक्या घालाल तितकं सॉफ्टवेअरचं काम कमी होईल.

आताच्या बोर्डात अशी भोकं नसतील तर माउंटिंगची भोकं वापरा, पण त्यांच्यात सोल्डर चढलेलं नाही ना ते पाहा. पुढच्या आवृत्तीसाठी मात्र डिझायनरला आजच सांगून ठेवा: सगळे टेस्ट पॅड सोल्डर साइडला, निदान १ मिमी व्यासाचे, एकमेकांपासून २.५४ मिमी आणि कडेपासून ३ मिमी लांब. लेआउट करताना हे फुकट होतं. नंतर रिलेच्या पायाला नाहीतर आयसीच्या लेगला पिन टेकवत बसावं लागतं.

पिनांच्या प्लेटसाठी एक सोपा मार्ग आहे. प्लेट म्हणजे तांबं नसलेला पीसीबीच समजा आणि तुमच्या गर्बरमधल्याच (बोर्ड बनवायला दिलेल्या डिझाइन फाइलमधल्याच) जागांवर भोकं देऊन पीसीबीवाल्याकडूनच करून घ्या. पी-७५ मालिकेची पिन १.०२ मिमीची आणि तिचं रिसेप्टॅकल (पिन ज्यात बसते ती नळी) १.३२ मिमीचं असतं. अशी भोकं हातातल्या ड्रिलने सरळ पडत नाहीत, पीसीबीवाल्याकडे मात्र ते रोजचं काम आहे. अशा दोन प्लेट एकावर एक, मध्ये स्पेसर टाकून लावा, म्हणजे रिसेप्टॅकल उभं राहतं, कलत नाही. पिन थेट वायरला सोल्डर करू नका. रिसेप्टॅकल कायमचं आणि पिन बदलायची, हा नियम पाळा.

पिनेचं डोकं पॅड पाहून निवडा. सपाट पॅडवर सोल्डरिंगनंतर न धुतलेल्या (नो-क्लीन) फ्लक्सचा थर असतो, तो फोडायला टोकदार भाल्यासारखं डोकं लागतं. थ्रू-होलच्या पायावर दातेरी किंवा वाटीसारखं चालतं. सोन्याचा मुलामा असलेल्या कनेक्टरवर गोल डोकंच लावा, नाहीतर ओरखडे उठतात. फ्लक्स डोक्यावर साचत जातो आणि चांगला बोर्ड फेल दाखवायला लागतो, म्हणून शिफ्टच्या सुरुवातीला मऊ ब्रश आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मारायची सवय लावा.

आता दाबाचं. १०० ग्रॅमची एक पिन, अशा चाळीस पिना म्हणजे ४ किलोचा जोर बोर्डाला खालून वर ढकलतो. वरून तो नेमका त्याच ठिकाणी तोलला नाही तर बोर्ड वाकतो. बोर्डाला त्याचं काही नसतं, पण त्यावरचे सिरॅमिक कपॅसिटर वाकत नाहीत, तडकतात. तडा टर्मिनलच्या कडेखालून आत तिरका जातो, बाहेरून दिसत नाही, त्या वेळी टेस्टमध्येही पकडला जात नाही. पुढे दमट हवेत तो शॉर्ट होतो आणि बोर्ड शेतावरून परत येतो. एका ग्राहकाकडे नेमकं हेच चाललं होतं. लाइनवर सगळे बोर्ड पास, फील्डमधून मात्र एकाच जागेचा १२१० आकाराचा कपॅसिटर जळून येत होता. त्या कपॅसिटरशेजारी खालून पाच पिनांचा घोळका होता आणि वरून दाबणाऱ्या झाकणाला तिथे आधारच नव्हता. डेलरिन या प्लास्टिकची एक दाबदांडी (झाकणातून बोर्डाला वरून टेकणारी दांडी) वाढवली आणि ती तक्रार थांबली. म्हणून पिना जिथे दाट, तिथे त्यांच्या समोर दाबदांड्या आधी लावा. त्या बोर्डाच्या मोकळ्या जागेवर टेकल्या पाहिजेत, कुठल्याही भागावर नाही. पॅनेल हाताने मोडत असाल तर तेही बंद करा, त्यानेही असेच तडे जातात.

फिक्स्चर तयार झालं की वायरिंगच्या आधी एक तपासणी करा. कोरा बोर्ड, म्हणजे भाग न बसवलेला, ठेवा, दाबा, काढा आणि दहापट भिंगाखाली प्रत्येक पॅड बघा. पिनेने बारीक खूण उमटवलेली असते. सगळ्या खुणा पॅडच्या मध्यापासून एकाच दिशेला सरकल्या असतील तर डॉवेलची जागा चुकलीय. एका डॉवेलपासून लांब जावं तसतशी चूक वाढत असेल तर बोर्ड किंचित फिरलेला बसतोय. खूण ठिपक्यासारखी नसून ओरखड्यासारखी लांबट असेल तर बोर्ड दाबताना सरकतोय. बिजागरीच्या झाकणात हे हमखास होतं, कारण ते मागच्या बाजूला आधी टेकतं. झाकण बिजागरीचं ठेवायचंच असेल तर दाबाची प्लेट त्याला सैल टांगा आणि तिला स्वतंत्र गाइड द्या, म्हणजे ती शेवटचे काही मिलिमीटर सरळ खाली येईल. पिन पूर्ण दाबू नका. तिच्या एकूण प्रवासाच्या दोन-तृतीयांश दाबली जाईल असा स्टॉपर ठेवा.

तुमच्या बोर्डाच्या बाबतीत सुरक्षेचं फार मनावर घ्या. स्टार्टरचा बोर्ड दोन फेजवर चालत असेल तर ४१५ व्होल्ट रेक्टिफाय होऊन ५८० च्या वर जातात. झाकणाला मायक्रोस्विच लावून पुरवठा तोडला की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. पण झाकण उघडताच पिना पॅडपासून सुटतात, म्हणजे डिस्चार्जचा रेझिस्टरही सुटतो, आणि भरलेला कपॅसिटर तसाच ऑपरेटरच्या हातात येतो. तेव्हा झाकणाला सोलेनॉइडचं लॉक हवं. टेस्ट संपली की आधी पुरवठा तुटला पाहिजे, रिलेच्या नॉर्मली-क्लोज्ड (वीज नसताना जोडलेल्या) संपर्कातून वायरवाउंड रेझिस्टर लागला पाहिजे, व्होल्टेज मोजून ५० च्या खाली आलं की मगच लॉक सुटलं पाहिजे. ४७ मायक्रोफॅरडला १० किलोओहम लावलात तर अडीच सेकंद पुरतात. मुख्य पुरवठा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधूनच घ्या. आणि तो देण्याआधी आतल्या ५ आणि १२ व्होल्टच्या लाइन शॉर्ट नाहीत ना हे बघून, करंट लिमिट लावलेल्या बेंच सप्लायवर प्रोग्रॅमिंग उरकून घ्या. प्रोग्रॅमिंगच्या वायर आखूड ठेवा, प्रोग्रॅमर पेटीच्या आतच बसवलात तर उत्तम.

चांगला मास्टर बोर्ड सगळेच जपतात. तुम्ही मुद्दाम बिघडवलेले चार-पाच बोर्डही तयार करा: एकात रेझिस्टर चुकीचा, एकात डायोड उलटा, एकात रिलेचा पाय न सोल्डरलेला. रोज सकाळी ते फिक्स्चरवर टाका. एखादा पास झाला तर त्या दिवशी लाइन सुरू करू नका.

अ‍ॅक्रिलिक मात्र नको. त्यावर स्थिर वीज साचते, भोकात रिसेप्टॅकल ठोकलं की कडेला तडे जातात. पिनांच्या प्लेटला ग्लास इपॉक्सी, दाबदांड्यांना अँटीस्टॅटिक डेलरिन वापरा, आणि पूर्ण पेटीचं अर्थिंग टेबलाच्या ईएसडी (स्थिर वीज काढून टाकणाऱ्या) मॅटच्या अर्थिंगला जोडा. पिना, रिसेप्टॅकल, टॉगल क्लॅम्प ऑनलाइन सहज मिळतात. पिना मागवताना त्याच डोक्याच्या थोड्या जास्तीच्या घेऊन ठेवा, कारण आयत्या वेळी दुसऱ्या मालिकेची पिन त्या रिसेप्टॅकलमध्ये जात नाही.