थेरपिस्ट म्हणून सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) नवीन सुरू केलीयस ना, मग आधी हे वाच

अरे, ट्रेनिंगमध्ये शिकलेलं आणि समोर बसलेला माणूस यांचा मेळ लागत नाही म्हणतोयस ना, ते सुरवातीला सगळ्यांचंच होतं. मी पण थॉट रेकॉर्डचा, म्हणजे त्रास देणारे विचार लिहून तपासायचा, कागद हातात द्यायचो आणि क्लायंट पुढच्या वेळी तो कोराच घेऊन यायचा.

माझं ऐकशील तर टेक्निक नंतर, आधी त्याचा त्रास कशामुळे टिकून राहतोय ते त्याच्यासोबत बसून कागदावर मांड. पॅनिकचंच घे, म्हणजे अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके, मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्कचं १९८६चं मॉडेल सांगतं की धडधड म्हणजे हार्ट अटॅकच असा अर्थ लावला की भीती वाढते, भीतीने धडधड अजून वाढते. मग माणूस घाबरून खाली बसतो आणि 'बसलो म्हणून वाचलो' हाच समज पक्का होतो. हे कळलं की सेशनमध्ये काय करायचं ते दिसायला लागतं, मुद्दाम जिना चढायचा, धडधड वाढवायची आणि न बसता काय होतं ते बघायचं (हार्टची तपासणी आधी झालेली हवीच).

रिसर्च वाचताना उपयोग होतो का एवढंच बघू नको, कशामुळे होतो ते शोध. १९९६ मध्ये जेकबसन या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी डिप्रेशनच्या सीबीटीचे भाग सुटे करून तपासले तर नुसतं बिहेवियरल ॲक्टिव्हेशनही, म्हणजे माणसाला परत छोट्या-छोट्या कृतींकडे वळवणं, पूर्ण पॅकेजइतकंच चाललं. म्हणून फार खचलेल्या माणसासोबत मी आधी दिवसातली एक छोटी कृती ठरवतो, विचारांवर नंतर येतो.

आणि डिप्रेशन असेल तर पीएचक्यू-९ ही डिप्रेशन किती आहे ते मोजायची प्रश्नावली नियमित भरून घे, नऊच प्रश्न आहेत. चार-पाच सेशन आकडा हललाच नाही तर क्लायंटला दोष देऊ नको रे, त्रास कशामुळे टिकतोय ते मांडलेला कागद परत उघड आणि सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी थेरपिस्टसोबत केसवर बोलायला, घेऊन जा.