माळ्यावरचं थिमेट आणि गुत्त्याचा सौदा

प्रश्न : आमचं सासरचं घर नंदगडला (ता. खानापूर, जि. बेळगाव) आहे. सासरे गेल्यापासून ते बंदच होतं. यंदा दुरुस्ती काढायची म्हणून माळा, गोठा आणि परसातली खोली रिकामी करायची आहे. भांडीकुंडी, मोडकं लाकूडसामान, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी, ट्यूबलाइट, उसाला टाकायच्या थिमेटच्या अर्धवट पिशव्या, धान्यात ठेवायच्या गोळ्यांची नळी, शिवाय गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे. खानापूरचा एकजण सगळं गुत्त्यावर, म्हणजे एकरकमी ठेक्यावर, उचलायला तयार आहे. भंगार त्याचं, वर आम्ही थोडे पैसे द्यायचे. आम्हाला दोनच दिवसांची सुटी आहे. देऊन टाकावं का? – एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : ताई, घर रिकामं करायला माणूस लावा, पण ‘सगळं’ गुत्त्यावर देऊ नका. जुनी घरं उतरवायची कामं मी बेळगाव-खानापूर भागात बरीच वर्षं घेतो, म्हणून हे ठामपणे सांगतो. अशा सौद्यात तांबं, पितळ, सागवान यांना गिऱ्हाईक असतं, ते नीट जागेवर पोचतं. ज्याला कुणी पैसा देत नाही ते रात्री ओढ्याकाठी पडतं. तुमच्याकडचा ओढा शेवटी मलप्रभेलाच मिळतो. आणि त्याआधी ते चार हमालांच्या उघड्या हातांतून जातं.

थिमेटचंच घ्या. फोरेट हे त्यातलं कीटकनाशक. २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे, पण उसाच्या पट्ट्यात जुन्या पिशव्या अजून माळ्यांवर निघतात. उंदरांनी कोपरा कुरतडलेला असतो, दाणे फळीच्या फटीत सांडलेले असतात, लसणीसारखा उग्र वास येतो. हे विष पोटातच जायला लागतं असं नाही, कातडीतूनही भिनतं. निपाणीकडे एका जुन्या तंबाखूच्या वखारीत दुसऱ्या कुणाचं काम चालू होतं. तिथल्या पोराने असले दाणे हाताने गोळा केले, तो हात चड्डीला पुसला आणि तंबाखू मळली. दिवेलागणीपर्यंत घामाने निथळत होता, तोंडातून लाळ, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टर विचारत होते कुठलं औषध, आणि पिशवी तर गाडीबरोबर गेलेली. पोरगा वाचला. पण त्या पिशवीसाठी झालेली धावाधाव मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्यामुळे हमाल यायच्या आधी प्रत्येक विषारी पिशवीच्या लेबलाचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये हवा. कुणाला त्रास झालाच तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि फोटो घेऊन थेट मोठं हॉस्पिटल गाठा. अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन हा त्यावरचा उतारा तिथे मिळतो, घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

त्या पिशव्या हलवायच्या कशा? रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, पायात बूट. सांडलेल्या दाण्यांवर कोरडी माती टाकून ती सुपलीने भरा, झाडू मारून धुरळा करू नका. सगळं झाकणाच्या प्लास्टिक पिंपात घाला, वर ‘विष’ असं मराठीत आणि कन्नडात लिहा आणि पिंप घराबाहेर कुलपात ठेवा.

गोळ्यांची नळी मात्र या पिंपात नको. धान्यातल्या गोळ्या म्हणजे बहुतेक अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. ओल लागली की त्यातून फॉस्फीन हा जीवघेणा वायू सुटतो. झाकण उघडून ‘किती उरल्यात’ बघायचं नाही, पाणी मारायचं नाही, माणसं बसतात त्या गाडीत न्यायची नाही. कोरड्या, उघड्या हवेच्या जागी वेगळी ठेवा.

आता हे घेणार कोण? २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं हा घरगुती घातक कचरा वेगळा धरला होता आणि तो जमा करायची केंद्रं काढायची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली होती; १ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आले आहेत. गावात असं केंद्र दिसत नसेल तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या. कीटकनाशकांसाठी एक प्रत कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात आणि एक बेळगावला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्या. अर्ज कन्नडात लिहून घ्या, टेबलावरून लवकर पुढे सरकतो. पोच घेतल्याशिवाय उठू नका. दोन दिवसांत हे उरकणार नाही, म्हणून पिंपाची किल्ली गावातल्या जबाबदार माणसाकडे द्या.

बॅटरीचं सोपं आहे. नवी घेताना दुकानदार जुनी घेतो, पैसेही वजा करतो. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी कंपन्यांवरच आहे. भंगारवाला वजन करण्याआधी आतलं अ‍ॅसिड परसात ओतायला निघाला तर तिथेच थांबवा, त्या पाण्यात शिसं असतं. ट्यूबा अख्ख्या, कागदात गुंडाळून द्या, आत पारा आहे.

पत्र्यांकडे कुणी लक्ष देत नाही, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. जुना सिमेंटचा पत्रा म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. फुटला की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात, ते फुप्फुसात रुतून बसतात आणि आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. हमाल घाईत घणाने पत्रे पाडतात. तसं होऊ देऊ नका. आधी पत्रे पाण्याने भिजवायचे, नटबोल्ट काढायचे, अख्खा पत्रा दोघांनी खाली घ्यायचा. ग्राइंडर अजिबात नाही. फिल्टरचे मास्क तुम्ही स्वतः आणून द्या, तोंडाला बांधलेला टॉवेल हे तंतू अडवत नाही. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधा, अर्जात त्यांचीही नोंद करा. रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून कुणी मागितले तरी देऊ नका.

राहिला सौदा. हंडे, घंगाळ, बंब समोर वजन करून वेगळे विका. तुळया सागवानी की फणसाच्या, हे जाणत्या सुताराला दाखवा. खानापुरी कौलं मोजून उतरवा, चांगली कौलं विकली जातात. त्या पैशातून हमालांना रोजाने मजुरी द्या. गुत्ता दिलात तर माणूस घाई करतो, आणि घाईतच पत्रे फुटतात. गाडी कुठे जाणार ते आधी विचारा, वजनकाट्याची चिठ्ठी मागा आणि शेवटचे पैसे ती हातात आल्यावर द्या. जो माणूस या दोन गोष्टींना कां-कूं करेल, त्याला काम देऊ नका. खानापूरकडे पाऊस लवकर आणि जोरात लागतो, तेव्हा गोठा मेच्या मध्याआधी उतरवून घ्या.