टायर मोठा, काटा मागे
वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

प्रश्न : बोलेरोचे टायर पार गुळगुळीत झाले होते म्हणून 215/75 आर 15 काढून 235/75 आर 15 टाकले. दुकानदार म्हणाला, रिम तीच आहे, काही फरक पडत नाही. आधी मोबाइलवर जीपीएसचा वेग 80 असताना काटा 85 वर असायचा, आता तो 80 वरच दिसतो. शिवाय ॲव्हरेजही घटलंय. सेन्सर गेला का? – एक वाचक, गेवराई (जि. बीड)

उत्तर : सेन्सरला काही झालेलं नाही, उलट तुमचा काटा आत्ता कुठे खरं बोलायला लागलाय. सेन्सर फक्त फेरे मोजतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हा आकडा कंपनीने मूळ टायर धरून आधीच बसवलेला असतो.

हिशोब करून बघा. 215 म्हणजे टायरची रुंदी मिमीमध्ये; तिचे 75 टक्के म्हणजे 161.25 मिमी, ही टायरच्या एका बाजूची उंची. तिची दुप्पट 322.5 आणि 15 इंची रिमचे 381 मिळून व्यास 703.5 मिमी होतो. तसाच नवा टायर भरतो 733.5 मिमी. फरक 30 मिमीचा, म्हणजे सव्वाचार टक्क्यांचा. त्यात जुन्या टायरचं सहा मिमी रबर झिजलं असेल तर त्याचा व्यास आणखी 12 मिमीने कमी झालेला होता. एकूण फरक सहा टक्क्यांच्या आसपास गेला आणि 85 चा काटा 80 वर आला.

काटा मुळात पुढे का होता? संयुक्त राष्ट्रांच्या नियम 39 प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो. जास्त मात्र 10 टक्के अधिक 4 किमीपर्यंत चालतो. म्हणून कंपन्या काटा थोडा पुढेच ठेवतात. ज्याच्या गाडीचा काटा आधीच अचूक आहे, त्याने एवढा मोठा टायर टाकला तर मात्र गोत्यात येईल. काटा 115 वर आणि गाडी 120 वर, म्हणजे समृद्धी महामार्गावरची कारची मर्यादा गाठलीच.

ॲव्हरेजचं म्हणाल तर ते बहुतेक कागदावरच घटलंय. काट्यासारखी सूट किलोमीटरच्या आकड्यात सहसा ठेवलेली नसते, त्यामुळे तोही आता मागे पडतो. 30 लिटरमध्ये मीटरवर 420 किमी पडले तर तुम्ही 14 धरता. प्रत्यक्षात गाडी 438 किमी चाललेली असते, म्हणजे 14.6. रुंद, जड टायर थोडं डिझेल जास्त खातो हेही खरं, पण आधी मीटरच्या किलोमीटरला 1.043 ने गुणा, मग रागवा. सर्व्हिसिंगही त्याच हिशोबाने अलीकडे घ्या : मीटरवर 9,600 झाले की खरे 10,000 होतात.

खात्री करायची तर सकाळी टायर थंड असताना हवा भरा; आपल्याकडे मे महिन्यात दुपारचं माप फसवतं. फरशीवर आणि टायरच्या खालच्या टोकाला खडूची खूण करा, ड्रायव्हरला आत बसवून गाडी सरळ ढकला. खूण तिसऱ्यांदा खाली आली की अंतर टेपने मोजून तिनाने भागा. हा चाकाचा खरा घेर. गणितातल्या घेरापेक्षा तो दोन-तीन टक्के कमी भरेल, कारण वजनाने टायर दबतो.

मला जास्त काळजी दोन गोष्टींची वाटते. टायरची त्रिज्या 15 मिमीने वाढली, म्हणजे मडगार्डमधली फट तेवढीच घटली. पावसाळ्यात शेतरस्त्यावर काळी माती तिथे गच्च भरते. माणसं भरून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासतो ते बघा. दुसरी गोष्ट स्टेपनीची. ती जुन्याच मापाची असेल तर मागे लावून लांब पळू नका. मागची दोन चाकं वेगळ्या गतीने फिरतात, दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची पेटी, म्हणजे डिफरेन्शियल, सतत काम करत राहतं आणि तापतं. पुढे लावून हळू जाऊन पंक्चर काढा.

प्रश्न : स्विफ्टला 165/80 आर 14 आहेत. 16 इंची अलॉय टाकले तर मीटर चुकेल? – एक वाचक, लातूर

उत्तर : रिम किती इंची यावर मीटर चुकत नाही, टायरच्या बाहेरच्या व्यासावर चुकतो. तुमचा व्यास 619.6 मिमी. कंपनीच वरच्या मॉडेलला 185/65 आर 15 देते, तो 621.5. 16 इंचीत 195/55 घेतला तर 620.9. काटा हलणारसुद्धा नाही. दुकानात आहे म्हणून 195/65 आर 15 गळ्यात मारला तर अडीच टक्के फरक पडेल. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा त्यावरचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. आणि खड्ड्यांच्या रस्त्याला 55 ची पातळ बाजू म्हणजे रिम वाकवून घेण्याची तयारी. आम्ही 15 वरच थांबलो असतो.

प्रश्न : स्प्लेंडरला मागे 2.75-18 च्या जागी 3.00-18 टाकला. मीटर किती चुकेल? – एक वाचक, परभणी

उत्तर : शून्य. मीटरची केबल पुढच्या चाकातून येते. मागे फक्त पिकअप किंचित मंद वाटेल आणि टायर चेनकव्हरला घासत नाही ना, ते पाहावं लागेल. काटा थरथरत असेल तर तो दोष कोरड्या केबलचा. केबल सोडवा, आतली तार ओढून पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या आणि परत घालताना केबलला तीव्र वळण पडू देऊ नका.