लिलावात गाडी मिळते, नाव मिळतंच असं नाही

गेल्या काही महिन्यांच्या टपालात एक विषय सारखा येतो आहे: मोबाइलवरच्या लिलावात गाडी घ्यावी का, द्यावी का. म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे. मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून माझं सगळं आयुष्य ठोकलेल्या, बुडालेल्या आणि जळालेल्या गाड्या पाहण्यात गेलं. उत्तरं कडक वाटली तर त्यामागे हे आहे.

प्रश्न : सर, आमच्या घरी सात माणसं. हप्ते थकले म्हणून बँकेने ओढून आणलेली एक सात आसनी डिझेल गाडी ऑनलाइन लिलावात निघाली आहे. बाजारात अशी गाडी ९ लाखांच्या आत मिळत नाही, इथे राखीव किंमत सव्वापाच लाख आहे. बयाणा ५० हजार. फोटो चांगले आहेत, गाडी पुण्याजवळच्या यार्डात उभी आहे. भाऊ म्हणतो, आजच पैसे भर. काय करू?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : आज भरू नका. आधी पुण्याला जाऊन या, आणि एकटे जाऊ नका. तुमच्या गाड्या ज्या मेस्त्रीकडे जातात त्याला दिवसभराचा रोज देऊन सोबत न्या. लिलावाच्या अटींत एक वाक्य असतंच: गाडी ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ विकली जाईल. बोली लावलीत की हे वाक्य तुम्ही मान्य केलंत. नंतर इंजिन जाम निघालं, गिअरबॉक्स बदललेला निघाला, स्टेपनी आणि जॅक गायब निघाले, तरी बँक या वाक्याकडे बोट दाखवणार.

अशी ओढून आणलेली, म्हणजे सिझिंगची गाडी यार्डात महिनोन्‌महिने उन्हापावसात उभी असते. बॅटरी मेलेली असते, टायर एकाच जागी दबून बसलेले असतात, उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं असतं. बहुतेक ठिकाणी चालवून बघू देत नाहीत. निदान सुरू करून दाखवा असा आग्रह धरा, त्यांनी नाही म्हटलं तर इंजिनचं काम निघणार असं धरूनच हिशेब मांडा. मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. गाडीचा नंबर घेऊन त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि शेवटच्या सर्व्हिसला किती किलोमीटर नोंदले होते ते विचारा. ती नोंद मीटरपेक्षा मोठी असेल तर परत या. चासी नंबर स्वतः वाचा, कागदावर पेन्सिल घासून त्याचा छाप घ्या आणि आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. आम्ही सर्व्हेअर हेच पहिलं काम करतो. आकडे तिरपे असतील, आजूबाजूचा पत्रा घासून पुन्हा रंगवल्यासारखा दिसत असेल तर किंमत कितीही कमी असो, हात लावू नका.

आता कागद. लोक इंजिनाची काळजी करतात आणि कागदांत अडकतात. सात आसनी डिझेल गाडी आणि हप्ते थकलेले, म्हणजे ती पिवळ्या पाटीची, भाड्याने चालणारी असण्याची शक्यता बरीच आहे. तशी असेल तर थकलेला कर, फिटनेस, परमिट या सगळ्याची चौकशी करावी लागेल. ती घरगुती वापरासाठी पांढऱ्या पाटीवर आणायला आरटीओची मंजुरी लागते आणि कराचा फरक भरावा लागतो. जाहिरातीत याचा उल्लेख नसला तरी एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाकलात की वर्ग, विमा, फिटनेस, बोजा (गाडीवरचं कर्ज) हे दिसतं. ई-चलन वेगळं तपासा.

मग विचारा, आरसी बँकेच्या हातात आहे का? गाडी ओढली जाते तेव्हा आरसी बऱ्याचदा जुन्या मालकाच्या कपाटातच राहते. अशा वेळी बँकेने फॉर्म ३६ भरून आधी स्वतःच्या नावाने नवी आरसी काढायची असते आणि आरटीओ जुन्या मालकाला फॉर्म ३७ ची नोटीस काढतं. तो माणूस हरकत घेऊ शकतो, कोर्टात जाऊ शकतो. तेवढे दिवस तुमचे पैसे बँकेत आणि गाडी तुमच्या अंगणात ताडपत्रीखाली. म्हणून बँकेच्या अधिकाऱ्याकडून ईमेलवर लेखी घ्या: आरसी आहे की नाही, बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र किती दिवसांत मिळेल, थकलेला कर आणि चलनं कोण भरणार. ‘होईल हो साहेब’ हे फोनवरचं उत्तर उपयोगाचं नाही.

सव्वापाच लाख ही बोलीची सुरुवात आहे. तिच्यावर लिलाव कंपनीचं शुल्क, त्यावरचा जीएसटी, पैसे भरायला किंवा गाडी उचलायला उशीर झाला तर यार्डाचं भाडं, आणि कऱ्हाडपर्यंत आणण्याचा खर्च. या शेवटच्या बाबतीत मी हट्टी आहे: विमा नसलेली गाडी चालवत आणू नका, टोइंगच्या ट्रकवर घालून आणा. विना विमा पकडलं गेलं तर पहिल्या वेळचा दंड २,००० रुपये आहे किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, पण माझी भीती ती नाही. वाटेत खंबाटकी घाटात कुणाला धक्का लागला तर त्याची भरपाई तुमच्या घरादारातून जाईल.

सगळ्यात वरची बोली तुमची असली तरी बँकेची मंजुरी बाकी असते. ती नाकारली गेली तर पैसे उशिराने परत येतात. उलट मंजुरी मिळाली आणि तुम्ही ठरलेल्या मुदतीत पूर्ण रक्कम भरली नाहीत, तर बयाणा जातो. ही मुदत थोड्या दिवसांची असते, तेवढ्यात जुन्या गाडीचं कर्ज मंजूर होणं कठीण. रोख तयार असेल तरच उतरा.

बोली लावताना वरची मर्यादा वहीत लिहा आणि वही भावाच्या हातात द्या. शेवटच्या मिनिटांत कुणीतरी हजार-हजारांनी चढत असतं, वेळ आपोआप वाढत जाते आणि माणूस ईर्ष्येला पडतो. विकणाऱ्याने खोट्या बोली लावून किंमत फुगवली तर १९३०च्या मालविक्री कायद्याच्या कलम ६४ खाली खरेदीदार व्यवहार रद्द ठरवू शकतो. पण पडद्यामागचा बोलीदार कोण हे तुम्ही सिद्ध कसं करणार? तुमच्या हातात मर्यादा आहे, तीच सांभाळा.

प्रश्न : काका, बाबांच्या पश्चात त्यांची गाडी माझ्या नावावर झाली होती. मला चालवता येत नाही म्हणून एका ॲपवरच्या लिलावात विकली. त्यांचा माणूस घरी येऊन तपासून गेला, अर्ध्या तासात बोली झाली, मराठवाड्यातल्या एका डीलरने घेतली. पैसे पूर्ण मिळाले. मी नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या. खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी होती. चार महिने झाले, गाडी अजून माझ्याच नावावर आहे आणि बीडकडची दोन चलनं मला आली आहेत. ॲपवाले म्हणतात, आम्ही फक्त मध्यस्थ. विमा रद्द करून मोकळी होऊ का?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : ताई, शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण ती तातडीची आहे. विमा रद्द करू नका. गाडी रस्त्यावर आहे आणि सरकारदरबारी मालक तुम्ही आहात. आज त्या गाडीखाली कुणी आलं तर दाव्याची नोटीस डोंबिवलीच्या पत्त्यावर येईल, आणि विमा नसेल तर भरपाईही तुमच्याकडूनच मागितली जाईल. गाडी विकली म्हणून पॉलिसी रद्द करून उरलेला हप्ता परत घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. नाव बदलल्यानंतर तो बरोबर आहे, आधी नाही. नो-क्लेम बोनसची, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची घाई नको. तो माणसाचा असतो, गाडीबरोबर जात नाही, आणि त्याचं पत्र तीन वर्षं चालतं.

हे मी घाबरवायला लिहीत नाही. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात निकाल दिला. त्यातली गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, आरटीओत मात्र नाव पहिल्याच मालकाचं होतं. अपघात झाला आणि न्यायालयाने म्हटलं, नोंदणीत ज्याचं नाव तो मालक, भरपाई त्याच्यावर. जखमी माणसाने किंवा मृताच्या बायकोने विक्रीची साखळी शोधत फिरावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. दावा करणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे योग्यच आहे, असं मलाही वाटतं. पण त्याचा भार विकणाऱ्याला उचलावा लागतो आणि लिलावाच्या ॲपवर हे कुणी ठळक अक्षरांत सांगत नाही. १० नोव्हेंबर २०२५ रोजी लाल किल्ल्याजवळ ज्या गाडीत स्फोट झाला तीही अशीच हातोहात फिरलेली होती, आणि पोलीस आधी पोचले ते नोंदणीतल्या नावापाशी.

आता तुमच्या बाजूचा कायदा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत नवी तरतूद आली. डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी त्याच्या ताब्यात गेली की ते फॉर्म २९सी ने आरटीओला ऑनलाइन कळवलं जायला हवं. तसं कळवलं की गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत मालक तो मानला जातो आणि तिने काही केलं तर जबाबदार तोच. तुमच्या व्यवहारात २९सी भरला गेला का, हा पहिला प्रश्न ॲपला विचारा, लेखी. भरला असेल तर त्याची प्रत आणि पावती मागा. भरला नसेल किंवा डीलरकडे अधिकारपत्रच नसेल, तर ‘आम्ही मध्यस्थ’ म्हणणाऱ्यांनी विनाअधिकार माणसाला तुमची गाडी कशी दिली याचा जाब मागा.

दुसरं, कल्याणच्या आरटीओला या आठवड्यातच पत्र द्या. विक्रीची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत द्यायची असते, राज्याबाहेर विकली तर ४५ दिवसांत. मुदत गेली तरी द्या. सोबत डिलिव्हरीची पावती, बँकेत पैसे जमा झाल्याची नोंद, ॲपवरचा बोलीचा निकाल आणि डीलरचं नाव-पत्ता जोडा. पोच शिक्क्यानिशी घ्या. तेच पत्र डीलरला आणि ॲपला स्पीड पोस्टाने पाठवा, आणि १५ दिवसांत नाव बदललं नाही तर पोलिसांत आणि ग्राहक आयोगात जाणार, असं त्यात लिहा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पोलीस ठाण्यातही अर्ज देऊन ठेवा. गाडी अमुक तारखेला अमुक वाजता माझ्या ताब्यातून गेली, एवढं जरी नोंदवलं गेलं तरी पुढे मोलाचं ठरतं.

चलनं मुकाट्याने भरू नका. ई-चलनावर ऑनलाइन तक्रार करता येते, तिथे डिलिव्हरीची पावती लावा. फास्टॅग अजून तुमच्या खात्याला जोडलेला असेल तर तो मात्र आजच बंद करा.

तुमच्यानंतर विकणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की कोऱ्या फॉर्मवर सही हे या धंद्यातलं सगळ्यात जुनं दुखणं आहे. डीलरला ती हवी असते, कारण गाडी स्वतःच्या नावावर न घेता थेट पुढच्या गिऱ्हाइकाच्या नावावर चढवता येते. दोन वेळा नाव बदलण्याचा खर्च वाचतो आणि मालकांच्या यादीत एक आकडा कमी दिसतो. त्याच्या बचतीसाठी जोखीम तुम्ही का घ्यायची? नाव, पत्ता, तारीख, वेळ भरल्याशिवाय सही नाही. किमतीतला थोडा भाग नाव बदलेपर्यंत ॲपकडे राखून ठेवायची सोय असेल तर तीही डीलरच्या पैशातून, तुमच्या नाही.

प्रश्न : आमची गाडी या पावसाळ्यात पार्किंगमध्ये छतापर्यंत बुडाली. विमा कंपनीने टोटल लॉस धरला. गाडी ऑनलाइन बोलीत एका भंगारवाल्याने घेतली. त्याचा माणूस आरसी, दोन्ही चाव्या आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या मागतो. दिल्या नाहीत तर क्लेम अडकेल म्हणतो. द्यायच्या का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या गावात २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर मी गाड्या पाहिल्या आहेत, म्हणून हे पत्र वाचून थांबलो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात. उरलेल्या सांगाड्यावर, आम्ही त्याला सॅल्व्हेज म्हणतो, ऑनलाइन बोली होते. तिथपर्यंत ठीक. पुढे त्या आरसीचं काय होतं ते पाहा. गाडी दुरुस्त होण्यासारखी नसली तरी तिची आरसी आणि चासी नंबर जिवंत असतात. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणायची, तिच्यावर तुमच्या गाडीचा नंबर ठोकायचा आणि खऱ्या कागदांवर विकायची, अशा टोळ्या देशात अनेकदा पकडल्या गेल्या आहेत. त्या गाडीचा मालक म्हणून कागदोपत्री तुम्ही राहता.

त्यामुळे कोऱ्या सह्या नाहीत. तुमचा क्लेम विमा कंपनीशी आहे, भंगारवाल्याशी नाही. कंपनीला ईमेल करून विचारा: हा सांगाडा दुरुस्त होऊन रस्त्यावर येणार की तोडला जाणार? रस्त्यावर येणार असेल तर खरेदीदाराच्या नावाने भरलेले फॉर्म, त्याच्या ओळखपत्राची प्रत, आणि नाव बदलल्याचा पुरावा हवा. तोडला जाणार असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या आणि गाडी सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात गेल्याचं प्रमाणपत्र मागा.

बाकी वाचकांसाठी: अशीच बुडालेली गाडी धुऊन, सीट कव्हर बदलून, अत्तर मारून दूरच्या जिल्ह्यातल्या लिलावात निघते. फोटोत ती नव्यासारखी दिसते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहिलेली असते. सीटच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात गालिच्याखाली बोट फिरवा, फ्यूजबॉक्स उघडा. अशी गाडी घेतल्यावर त्रास लगेच होत नाही. कनेक्टर आतून हिरवे पडत जातात आणि काही महिन्यांनी एअरबॅगचा दिवा लागतो, खिडक्या बंद पडतात, भर रस्त्यात इंजिन थांबतं.

प्रश्न : काका, व्हॉट्सॲपवर एका बँकेच्या नावाने लिलावाची लिंक आली आहे. दीड लाखाला चांगली हॅचबॅक. भाग घ्यायला यूपीआयने ५,१०० रुपये भरायचे आहेत, आणि ‘बँक मॅनेजर’ स्वतः फोन करतात. खरं असेल का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नाही रे. बँक लिलावाचा बयाणा कुणा माणसाच्या यूपीआयवर घेत नाही आणि मॅनेजर विद्यार्थ्यांना फोन करून बोली लावा म्हणत नाहीत. त्या बँकेच्या शाखेत स्वतः जा आणि ही गाडी खरंच लिलावात आहे का ते विचार. लिंकवरून कुठलंही ॲप टाकू नकोस, फोनचा स्क्रीन कुणाला दाखवू नकोस. पैसे भरून झाले असतील तर हा अंक खाली ठेव आणि आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता येतात ते पहिल्या काही तासांतच. घरी रागावतील म्हणून उद्यावर ढकलू नकोस.